टेलरबाईंचा घोटा

जिना उलटा उतरणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तोंड वरच्या मजल्याकडे, पाठ आपल्याकडे, एक हात कठड्यावर, आणि पाऊल मागे टाकून ते नीट टेकल्याची खात्री करत आमच्या टेलरबाई तिसऱ्या मजल्यावरून खाली यायच्या. मागून कोणी चढत असलं तर त्याला आधी सूचना मिळायची. "टीं टीं टीं! बाजूला व्हा, गाडी रिव्हर्समदी हाय!" नव्याने राहायला आलेली लहान पोरं पहिल्यांदा घाबरायची, कारण उलट्या पायांचं कोण असतं ते आजीने त्यांना सांगितलेलं असायचं. एखादं पोर भिंतीला चिकटून उभं राहिलं की टेलरबाई मान न वळवता म्हणायच्या, "हडळच हाय मी. पन आज सुट्टी हाय माझी, जा वरती." आठवड्याभरात तीच पोरं टीं टीं करत उलटी उतरायला लागायची, आणि त्यांच्या आया तक्रार घेऊन माझ्याकडे यायच्या, कारण सोसायटीची सेक्रेटरी मी.

पनवेलमधली आमची इमारत चार मजली, सोळा बिऱ्हाडांची, बिनलिफ्टची. नऊ वर्षं तिथे माझं सेक्रेटरीपद चाललं, म्हणजे मी ते चालवलं. माझा स्वभाव पहिल्यापासूनच फटकळ. पाण्याच्या पंपापासून जिन्यातल्या चपलांपर्यंत सगळ्यात माझं नाक. टेलरबाईंचे किस्से मी नंतर ऑफिसात, लग्नकार्यात पुष्कळ सांगितले आणि लोकांना पोट धरधरून हसवलं. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. सांगायची लाज वाटत होती. अजूनही वाटते.

त्या मूळच्या चिरनेरच्या, आगरी घरातल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, शिलाईवर पोट. तरुणपणी एकदा माहेरी जाताना जासईजवळ कंटेनरचा ट्रेलर त्यांच्या रिक्षेवर कलंडला आणि उजवा घोटा चिरडला. हाड जुळलं, पण वाकडं. मग सात वर्षं कळा. शेवटी डॉक्टरांनी तो सांधाच मोडीत काढला. आतली झिजलेली बाजू खरवडली, स्क्रू घातले आणि नडगीचं हाड खालच्या हाडाशी कायमचं जोडून टाकलं. दुखणं थांबलं आणि घोटा वाकणंही थांबलं. टेलरबाई सांगायच्या, "डाक्टरनी कुलूप लावलं नि चावी खाडीत टाकली. आता चोर पन येनार नाय नि पावना पन येनार नाय."

सपाट रस्त्यावर त्यांना चालताना पाहिलं तर शंकासुद्धा यायची नाही. मी धापा टाकत मागे राहायचे, इतक्या झपाझप चालायच्या. खरी गंमत घरात होती. उकिडवं बसणं बंद, म्हणून त्यांच्या घरातली प्रत्येक गोष्ट उंचावर चढलेली. विळी ओट्याला पक्की आवळलेली. "उभ्यानं मासली साफ करनारी सगळ्या उरान तालुक्यात मी एकटीच," हे त्या बक्षीस मिळाल्यासारखं सांगायच्या. मासळी बाजारात त्या वाकत नसत. कोळणींनाच म्हणायच्या, "उचल ती पाटी, दाखव नीट, मी काय नमस्काराला नाय आले." आणि एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणाऱ्या कोळणी निमूट पाटी उचलून त्यांच्या नाकासमोर धरायच्या.

आणि बूट! उजव्या पायात पुरुषी काळा बूट, त्याला जुन्या टायरचा जाडजूड तळ, पुढून-मागून वर वळवलेला. घोटा वाकत नाही, तर बुटानेच पाऊल पुढे लोटायचं. डॉक्टरांनी कागदावर काढून दिलेलं चित्र घेऊन त्यांनी एसटी स्टँडजवळच्या चांभाराकडून तो बनवून घेतला होता. त्याला त्या 'होडी' म्हणायच्या. ही होडी घरातसुद्धा पायात. आता आपल्याकडे बूट घालून कोण कोणाच्या घरात येऊ देणार? तर त्यावर त्यांनी अशी शक्कल काढली की सगळ्या बायका हबकल्या. बुटावर चढवायला त्यांनी कापडाच्या खोळी शिवल्या, आणि त्या शिवल्या आमच्याच ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांच्या. विधवा म्हणून न वगळता मी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं, तेव्हा शेजारच्या वहिनी एकदम किंचाळल्या, "अगंबाई, हा तर माझ्या पैठणीचा काठ!" टेलरबाई वाण घेता घेता शांतपणे म्हणाल्या, "व्हय. चांगला टिकतो." माझ्या सासूबाईंनी त्या गेल्यावर दारात गोमूत्र शिंपडलं. मी हसत होते. मला त्या फार आवडायच्या, हे इथे सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून कोणाला खरं वाटणार नाही.

ऑफिसातून आल्यावर चहा घेऊन मी अर्धा तास त्यांच्याकडे जाऊन बसायचे. घरी सासूबाई, ऑफिसात साहेब, मोकळं बोलायला तेवढी एकच जागा. मला त्या 'बाय' म्हणायच्या, आगरी घरात लेकीला म्हणतात तसं. टेप गळ्यात असायची, पण नुसती शोभेला. माप वितीने आणि बोटांनी. "बाय, दोन बोटं वाढलीस. ऑफिसात काम करतेस का नुसती खातेस?" मशीन जुनं, पायाचं. मी म्हटलं, मोटर बसवून घ्या की. तर म्हणाल्या, "नको. मोटर बसवली तर पाय झोपंल. एकदा झोपला ना, मंग उठनार नाय."

मशीनवर बसताना मात्र त्या होडी काढायच्या, जाड तळातून पायाने दाबायच्या पायट्याचा अंदाज येत नाही म्हणून. मी पहिल्यांदा तो उघडा पाय पाहिला तेव्हा पायट्याबरोबर तो चक्क खालीवर होत होता. थोडासाच, पण होत होता. मी विचारलं, "अहो, हा तर हलतोय! कुलूप लावलंय ना?"

त्यांनी मशीन थांबवलं. माझा हात धरून आपल्या घोट्यावर ठेवला आणि पाय हलवला. घोटा दगडासारखा. मग माझी बोटं पुढे, पावलाच्या मधल्या उंचवट्यावर नेली. तिथे हाडं वळवळत होती.

"बघ बाय. घोटा मेला. पन ही पुढची बारकी हाडं हायेत ना, ती शिकली. घरात कर्ता मानूस बसला की बाकीच्यांना राबावं लागतं, तसं. डाक्टर बोलला, जपून वापरा, ही पन झिजतील. मंग तुमाला दुसरं कुलूप."

म्हणजे मला सगळं नीट, हात धरून समजावलेलं होतं. मला ते माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मग तो मोठा पूर आला. गाढी नदीचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये कमरेपर्यंत चढलं, स्कूटर तरंगल्या, पंप जळला. पाणी ओसरल्यावर ठरलं की फाटकापाशी पार्किंगचा उंबरा चांगला उंच करायचा, म्हणजे पुन्हा पाणी आत येणार नाही. आणि रस्त्यावरून त्या उंबऱ्यावर गाड्या चढवायला पूर्ण रुंदीचा सिमेंटचा उतार. टेलरबाईंनी कुणाकडून तरी अर्ज लिहून घेऊन मला आणून दिला. एका कडेला तीन पायऱ्या ठेवाव्यात आणि धरायला एक पाइप लावावा. बस, एवढंच. पण पायऱ्या ठेवल्या तर उतार अरुंद होणार होता. स्कूटर गेल्या असत्या, चारचाकी गेली नसती. आणि त्याच वर्षी आम्ही सेकंडहँड गाडी घेतली होती. अख्ख्या सोसायटीत चारचाकी एकच होती, आमची.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्येच, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. अर्ज मीच वाचला. वाचून झाल्यावर मीच बोलले.

"अहो, उतार तर अपंगांच्या सोयीसाठीच करतात. तुम्हीच पहिल्या अशा, ज्या उतार नको, पायऱ्या द्या म्हणताय."

लोक हसले. टेलरबाई उभ्या राहिल्या. "म्याडम, पायरीवर पाऊल सपाट पडतं. उतारावर घोट्यात वाकावं लागतं. माझा घोटा वाकत नाय. कोरडं असलं तर जाईन कशी पन. वलं झालं की मी पडनार." मग म्हणाल्या, "माझी आई चिरनेरला खाटंवर हाय. नव्वदीची हाय. कवा बोलावनं यील सांगता येत नाय. मला निघता आलं पायजे."

"मग उतारावरून तर सुसाट निघाल की!" मी म्हटलं. पुन्हा हशा. मला त्या हशाची नशा चढली असावी, दुसरं काय म्हणू? कारण पुढे मी म्हटलं, "आणि वाकत नाही कसा? मी स्वतः पाहिलाय तुमचा पाय मशीनवर खालीवर होताना. दाखवा ना सगळ्यांना. होऊन जाऊ दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'बाय, तुला तर माहीत हाय,' एवढं म्हणाल्या असत्या तरी मी तिथेच गप्प झाले असते. पण त्या खुर्चीवर बसल्या, घरातून तशीच राहिलेली खोळ उतरवली, बुटाची नाडी सोडली, होडी काढली, आणि पंधरा-वीस माणसांसमोर, त्यातली निम्मी पुरुषमाणसं, त्यांनी साडी वितभर वर धरून पाय पुढे केला. ऑपरेशनचा जाड पांढरा व्रण, सुकलेली पोटरी, आणि टोकाला ते पाऊल. त्यांनी ते हलवलं. पुढचा भाग जरासा खाली गेला, जरासा वर आला.

"हलतोय की!" मागून कोणीतरी म्हणालं.

घोट्याला हात लावून बघा, असं मी म्हणायला हवं होतं. त्या सभेत ते माहीत असलेली मी एकटी होते. मी म्हटलं, "मग ठरलं तर. पुढचा विषय, पाण्याची टाकी." टाकीची चर्चा सुरू झाली तरी टेलरबाई बूटच चढवत होत्या. पाऊल खाली झुकत नसल्यामुळे त्यांना बुटात टाच घालायला पत्र्याची लांब पट्टी लागायची आणि वेळही लागायचा. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. मांडीवर काढून ठेवलेली खोळ माझ्या जांभळ्या ब्लाउजची होती.

त्यानंतर मी 'म्याडम' झाले. भांडण नाही, अबोला नाही. ब्लाउज तसेच चोख शिवून मिळायचे, पण चहा घेऊन बसायची सोय राहिली नाही. मीच जाईनाशी झाले. गेले तर त्या मशीनवर असायच्या आणि तो पाय मला बघवायचा नाही.

उतार झाला. गुळगुळीत, माझ्या गाडीला अगदी फक्कड. टेलरबाई त्याच्या कडेने भिंत धरून खेकड्यासारख्या आडव्या उतरायच्या. जिन्यातलं टीं टींही बंद झालं. पावसाळ्यात सिमेंटवर शेवाळ धरलं तशा त्या खालीच येईनाशा झाल्या. भाजी दोरीने वर जायची, गिऱ्हाइकं जिना चढून जायची. मी मनात म्हणायचे, बघा, काही अडलं का त्यांचं? पडल्या का? उगाच कांगावा होता सगळा. असं रोज म्हणावं लागायचं, यातच काय ते आलं.

आणि मग श्रावणातली ती सकाळ. साडेआठ-नऊ वाजले असतील. आमचं घर पहिल्या मजल्यावर, खिडकी नेमकी फाटकावर. मी ऑफिसला निघण्याआधीचा चहा घेत खिडकीत उभी होते. पाऊस रिपरिप चालू. रस्त्यावर एक रिक्षा येऊन थांबली आणि हॉर्न मारायला लागली. जिन्यातून टेलरबाई बाहेर आल्या, हातात पिशवी. आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये कोणाच्या तरी पूजेच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, म्हणून आम्ही गाडी उतारावरच लावली होती. भिंतीला लागून. म्हणजे ज्या भिंतीला धरून त्या उतरायच्या, त्याच भिंतीला.

त्यांनी गाडी पाहिली. गाडीला हात लावून बघितला, बोनेट ओलं, हात सरकला. मधल्या मोकळ्या जागेत एक पाऊल टाकलं, होडी घसरली, त्या मागे आल्या. हॉर्न वाजतच होता. त्या तिथे उभ्या राहिल्या.

गाडीची किल्ली माझ्या मागे खुंटीला होती. खाली जायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण खाली गेले तर समोरासमोर यावं लागलं असतं, आणि गाडी काढताना त्या सभेतलं सगळं पुन्हा उभं राहिलं असतं. मी मनात म्हटलं, येईल कोणीतरी. रिक्षावाला उतरेल. शेजारचे काका दूध घ्यायला निघतीलच. मी चहाचा घोट घेतला. होय, घेतला.

कोणी आलं नाही. बऱ्याच वेळाने टेलरबाईंनी पिशवी गळ्यात अडकवली, कमरेतून वाकून हात टेकले, आणि पन्नाशीच्या पुढची ती बाई शेवाळावर खाली बसली. साडी पायांत गोळा करून धरली आणि लहान पोरं घसरगुंडीवर घसरतात तशी बसल्या बसल्या खाली सरकत गेली. खाली पोचल्यावर फाटकाच्या खांबाला धरून उठली. पाठीमागून साडी सगळी हिरवी-काळी. ती झटकायलासुद्धा त्या थांबल्या नाहीत. रिक्षा गेली. मी पडदा ओढला.

दुपारी ऑफिसात नवऱ्याचा फोन आला, "तिसऱ्या मजल्यावरच्या टेलरबाईंची आई गेली म्हणे आज."

पुढच्या सभेत मी एकटीने आरडाओरडा करून ठराव पास करून घेतला. तीन पायऱ्या आणि पाइप. आमची गाडी रस्त्यावर लागायला लागली. सगळे म्हणाले, सेक्रेटरीबाईंचं मन मोठं. मी ते ऐकून घेतलं. दिवाळीआधी पायऱ्या झाल्या. मधल्या काळात सासूबाईंच्या गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते, तेव्हा त्यांनाही मुद्दाम विचारून घेतलं. टेलरबाईंनी हात धरून सांगितलं होतं, तेच त्यांनी सांगितलं. घोटा जोडला तरी पुढचे छोटे सांधे थोडं काम करतात, त्यामुळे पाऊल हलल्यासारखं दिसतं. उतार मात्र त्यांना झेपत नाही, आणि जास्त राबले तर तेही झिजतात.

हे सगळं तयार करून, हातात ब्लाउजपीस घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेले. नुसतं जायचं धैर्य नव्हतं, म्हणून ब्लाउजपीस. त्या मशीनवर होत्या. मी उभ्यानेच बोलून टाकलं. सभेत चुकलं, तुमचा पाय तसा दाखवायला लावायला नको होता, आता डॉक्टरांकडून मला सगळं कळलंय, माफ करा.

टेलरबाईंनी मशीन थांबवलं. "ते सभेचं म्हनता व्हय? ते सोडा. पायातलं तुमाला काय कळनार? डाक्टरलाच सात वर्षं लागली."

मी मान हलवली. म्हणजे तिथेही खोटं बोलले, मान हलवून.

"पन म्याडम, त्या दिवशी तुमी खिडकीत होता."

मी हातातल्या ब्लाउजपीसची घडी पुन्हा घातली.

"मी वर बघितलं. तुमच्या हातात कप होता. मी म्हटलं, आता म्याडम येतील, गाडी काढतील. म्हनून तर उभी राह्यली. तो रिक्षावाला हारन मारत होता तरी उभी राह्यली." त्यांनी दाताने दोरा तोडला. "घरी पोचले तवा अंगनात बाया होत्या नुसत्या. बोलल्या, आत्ताच तिरडी उचलली. आत्ताच."

येईल कोणीतरी, असं मी म्हणत होते, आणि खाली त्या माझीच वाट बघत होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या हातातलं कापड घेतलं. उलगडलं, उजेडात धरून बघितलं.

"पातळ हाय," त्या म्हणाल्या. "अस्तर लावायचं ना, म्याडम?"

मी हो म्हटलं.